काठीला काकणं

अंकलचं सांगायचं म्हणजे आधी काठीचं सांगावं लागतं.

त्यांच्या स्वयंपाकघरात आढ्याला दोन हूक होते. त्या हुकांत एक सागाची काठी आडवी टांगलेली असायची. चांगली पुरुषभर लांब, हात फिरवला तर लोण्यासारखी. जहाजावरच्या झाडूचा दांडा होता म्हणे. वर्षभर ती काठी रिकामीच. पावसात कुणी तिच्यावर ओला टॉवेल टाकला तर अंकल ओरडायचे, "ए! ती काय दोरी आहे काय? हात लावू नका तिका!" मी मनात बोलायची, म्हाताऱ्याचा एक स्क्रू ढिला आहे.

अंबरनाथला त्यांच्या चाळीत आम्ही भाड्यानं होतो. चाळ म्हणजे काय, पुढं त्यांचं कौलारू घर आणि मागं पत्र्याच्या पाच खोल्या. माझी शेवटची, संडासाच्या बाजूची. अंकल गोव्याकडचे. सगळा जन्म जहाजावर आचारी म्हणून काढलेला, लग्न केलं नाही. म्हातारपणी इकडं जागा घेतली. का घेतली विचारलं की बोलायचे, "म्हाका दर्यापासून पयस जाय आसलें." म्हणजे समुद्रापासून लांब पाहिजे होतं. आणि एवढं लांब येऊन केलं काय? सगळं घर जहाजासारखं बांधून ठेवलं. कपाट दोरीनं भिंतीला बांधलेलं. कप फळीवर ठेवलेले नाहीत, हुकाला टांगलेले. टेबलाला कडेनं लाकडाची पट्टी, ताट घसरू नये म्हणून. रविवारी चर्चमधून आले की कोट काढायच्या आधी सगळ्या दोऱ्यांच्या गाठी ओढून बघायचे.

आमच्या चाळीत सुशीला होती, तिच्या तोंडाला झाकण नाही. ती बोलायची, "अंकल, अंबरनाथला कुठला आला समुद्र? वालधुनीला पूर आला तरी तुमच्या पायरीला पाणी लागायचं नाय."

"दर्या सांगून येना, बाय," अंकल बोलायचे आणि गाठ आवळायचे.

दारात पितळेची घंटा होती. नळाला पाणी आलं की ती वाजवायची. ही एक गोष्ट त्यांची कामाची. बाकी खाकी अर्धी चड्डी, चपलेत मोजे, आणि पपईच्या झाडाला रोज सकाळी कोकणीत शिव्या. झाड बिचारं पपया देत होतं, तरी शिव्या. लाड केले की झाड माजतं, असं त्यांचं म्हणणं.

माझे मालक केमिकलच्या कंपनीत होते. एक दिवस दुपारपाळीला गेले ते परत आले नाहीत. त्याचं मी जास्त सांगत नाही, सांगून काय होतं. पदरात दोन मुली, एक सहाची, एक तीनची. चामटोलीला सासरी नेलं, तिथं सगळं झालं. आमच्या घरात दीक्षा घेतलेली, देव गेले, उपास गेले, नवस गेले. पण नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडायच्या, ते काय गेलं नव्हतं. सासू वाईट नव्हती. रडत रडतच तिनं दगड घेतला.

आपल्यात बाईमाणूस बांगडी फुटली असं म्हणत नाही. साधी भांडी घासताना तडकली तरी म्हणायचं, बांगडी वाढली. फुटली हा शब्द अशुभ. तो आयुष्यात एकदाच वापरायचा. माझ्यावर तो वापरून झाला होता.

दिवस झाल्यावर मी अंबरनाथला परत आली. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन पँटचे कारखाने, तिथं धागे कापायचं काम मिळालं. शिलाई झाली की पँटीला धागे लोंबतात, ते कैचीनं कापायचे. पँटींचा गठ्ठा घरी पण आणायची, दारात बसून कापायची. हात असा चालायचा की बघायची गरज नाही. बोटाला निळा रंग बसलेला, तो साबणानं जायचा नाही.

आणि असं असताना एक दिवस नळावर, पाच बाया रांगेत उभ्या, अंकल घंटा वाजवून माझ्याकडं आले आणि सगळ्यांसमोर बोलले, "बाय, शेनवारा काकणां भरपाक यो."

शेनवार म्हणजे शनिवार, तेवढं कळलं. आणि काकणं म्हणजे तर आमच्या गावाकडं बांगड्याच. शनिवारी बांगड्या भरायला ये. नवरा जाऊन आठ महिने झालेले, हात मोकळे, आणि हा म्हातारा सगळ्या चाळीसमोर मला बांगड्या भरायला बोलवतोय.

सुशीला तोंडाला पदर लावून खिदळली. "जा गं जा, मालक स्वतः भरतायत!"

मी हंडा तसाच ठेवला आणि खोलीत आली. पाणी पण भरलं नाही त्या दिवशी. चार दिवस घंटा वाजली की मी दार लावून घ्यायची, मुली शेजारून कळशी आणायच्या. ठरवलं, महिना संपला की खोली सोडायची. कुठं जायचं ते माहीत नव्हतं, पण सोडायची.

शनिवारी दुपारी वास सुटला. दालचिनीचा, लवंगेचा, संत्र्याच्या सालीचा, गुळाचा. असा वास मी आधी कधी घेतला नव्हता. बघते तर माझ्या दोन्ही मुली घरात नाहीत. समजली कुठं असतील. गेली तरातरा. काय काय बोलायचं ते सगळं जमवून गेली होती.

आत गेली तर अंकल कमरेला पांढरं फडकं बांधून स्टुलावर बसलेले. चुलीवर मोठं पातेलं उकळतंय. त्यांची ती काठी खाली काढलेली, दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवी ठेवलेली. आणि काठीत ओवलेले पाव. गोल, मध्ये भोक, तपकिरी, चकचकीत, वर बेदाणे डोकावतायत. एका टोकापासून अर्ध्या काठीपर्यंत भरलेले. नवरीचा हात कोपरापर्यंत भरतात तसे.

माझ्याकडं न बघता बोलले, "उशीर केलो. बस. ओरडूं नाका, पीठ आयकता."

मी बोलली, "अंकल, मी तसली बाई नाही."

"कसली?"

"काकणं भरून घेणारी."

ते बघतच राहिले. मग काठीकडं बघितलं. मग माझ्या हातांकडं. आणि हळूहळू, पाणी चढतं तसं, त्यांचं तोंड कानापर्यंत लाल झालं. उठून उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली.

"माफ कर, बाय. हांव काठयेक म्हणटालों. काठयेक."

तर तसं होतं ते. त्या पावाचं नावच त्यांच्या गावाकडं काकणां. त्यांच्यात ईस्टर म्हणून सण असतो, आपल्या चैत्राच्या सुमाराला, त्याच्या आदल्या दिवशी ते ही काकणं करायचे आणि काठीत ओवायचे. काठीला काकणं भरायची. काठी हा शब्द घाईत राहून गेला, आणि मी खोली सोडायला निघाली.

मी तिथंच जमिनीवर बसली आणि हसायला लागली. मालक गेल्यावर पहिल्यांदा हसली असेन. मुली घाबरल्या, आईला काय झालं.

अंकल मात्र हसले नाहीत. टोपी हातात तशीच धरून बोलले, "म्हज्या घरांत काठयेक लेगीत काकणां आसात. तुका कित्याक नात?"

माझ्या घरात काठीला सुद्धा काकणं आहेत, तुला का नाहीत. मी पीठ पुढं ओढलं.

मला का बोलावलं ते नंतर कळलं. दारात बसून धागे कापताना त्यांनी माझी बोटं बघितली होती. "ह्या बोटांक काकणां येतली," म्हणजे जमतील, असं त्यांनी आपल्याशीच ठरवून टाकलेलं.

करायची रीत अशी. मैद्याला यीस्ट नाही लावायचं, ताडी लावायची. त्यात काळा गूळ, बेदाणे, संत्र्याची वाळलेली साल बारीक करून, दालचिनी, लवंग, जायफळ. घट्ट मळायचं, मनगट दुखेपर्यंत. फुगू द्यायचं. मग दोरीसारखी वळी करायची, चार बोटांवरून गुंडाळायची आणि दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून पाटावर हातानं दाबत फिरवायची, म्हणजे तोंड मिटतं. आणि मग ते सरळ भट्टीत नाही टाकायचं. आधी उकळत्या पाण्यात. ते बुडतं, मग आपोआप वर येतं, उलटायचं, झाऱ्यानं काढायचं, मग भट्टी. भट्टी म्हणजे परसात आडवं केलेलं तेलाचं पिंप, वरून मातीनं लिंपलेलं.

पाव पाण्यात उकळायचा ही गोष्ट मला पटेना. अंकल बोलले, आईची काकणं नुसती भाजलेली असायची, दात पडायचे. जहाजावर थंड मुलखातला एक बेकर होता, त्यानं उकळायला शिकवलं. "पाण्यांत बुडून वर येता, तेंच आगीत टिकता." असं मोठं काहीतरी बोलायची त्यांना खोडच होती. नळाला पाणी नाही आलं तरी असलं एक वाक्य यायचं. पण हे माझ्या लक्षात राहिलं.

पुढच्या वर्षापासून ताडी आणायचं काम माझ्याकडं आलं. चामटोलीला सासरच्या बाजूला ताडाची झाडं. सकाळची ताजी ताडी डब्यात भरून टेम्पोनं बदलापूरपर्यंत यायचं. एकदा ऊन जास्त होतं. ताडी डब्यात फुगली आणि झाकण उडालं ते समोर बसलेल्या मास्तरच्या टोपीवर. सगळीकडं फेस.

"बाई, काय घेऊन चाललात?" मास्तर टोपी पुसत बोलले.

मी बोलली, "पाव आहे."

अख्खा टेम्पो हसला. आमच्या पंचशीलात दारू वर्ज्य, आणि मी मांडीवर ताडीचा डबा घेऊन बसलेली. पण मी कुठं पीत होती? पीठ पीत होतं.

मसाला कॅम्प तीनमधून. तिथला सिंधी दुकानदार मला अदी म्हणायचा, म्हणजे ताई. "अदी, इतनी दालचिनी? घर में शादी है क्या?" मी बोलली, "काकणं करायची आहेत, शेठ." तो बोलला, "चूडी में दालचिनी? वा साईं!" तेव्हापासून दर वर्षी मूठभर बेदाणे फुकट घालायचा आणि विचारायचा, चूडी बनी क्या.

एक गोष्ट मी अंकलना शिकवली. पाण्यात टाकल्यावर एखाद्या काकणाचं तोंड नीट मिटलेलं नसेल तर ते सुटायचं, सरळ होऊन तरंगायचं. अंकल ओरडायचे, "फुटलें!" मला ते ऐकवायचं नाही. पहिल्या वर्षी गप्प बसली. दुसऱ्या वर्षी बोलली, "अंकल, काकण फुटलं म्हणू नये. वाढलं म्हणावं."

"वाडलें? हें तर मोडलें."

"मोडलं तरी वाढलं म्हणायचं. आमच्यात तसंच आहे."

त्यांनी झारा हातात धरून विचार केला. मग पातेल्यात बघून सावकाश बोलले, "वाडलें." आणि तेव्हापासून तोच शब्द. त्यांच्या हातून दर वेळी तीन-चार वाढायचीच. तीही काठीत ओवायचे, वाकडी करून, तारेनं अडकवून. टाकून देत नव्हते.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मुली मोठ्या होत होत्या. तिकडं बदलापूरला शेतं विकून बिल्डिंगा उभ्या राहायला लागल्या होत्या, तीच हवा आमच्याकडं पण येत होती.

अंकलची एक बहीण मुंबईला. तिला आम्ही आंटी म्हणायचो. ती आणि तिचा मुलगा, चांगला पन्नाशीला टेकलेला बाप्या, दर ईस्टरला गाडी घेऊन यायचे, काकणं खायचे, बांधून न्यायचे. एका वर्षी अंकल परसात पडले, चेहरा सुजला. ते बघून भाचा बोलला, "मामा, आता एकटे नका राहू. सिस्टरांचा आश्रम आहे, तिकडं चला. हे काढून टाकू." हे म्हणजे घर, आणि घरामागं आमच्या पाच खोल्या. मी चहा घेऊन दारात उभी होती, सगळं ऐकलं.

अंकल बोलले, "मेलो तरी हांगाच." म्हणजे इथंच.

शेवटी आंटीनी मध्ये पडून ठरवलं. ज्या वर्षी तुझ्या हातून काकणं होणार नाहीत, त्या वर्षी मुकाट्यानं गाडीत बसायचं. अंकलनी मान हलवली. दोघांनी हात मिळवला, लहान पोरं मिळवतात तसा.

पुढच्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले.

मला आधीच दिसलं होतं. हुकावरचा कप काढताना दुसऱ्या कपाला लागून किणकिणायचा. मी बघतेय असं दिसलं की बोलायचे, "दर्या आयलो. घर हालता." मी बोलायची, "हो अंकल, मला पण जरा हलल्यासारखं वाटतंय." दुसरं काय बोलणार.

शनिवारी बसलो करायला. त्यांनी पहिली बारा वळली. तोंड मिटवायला हात स्थिर लागतो, दाब सारखा लागतो. मी बघत होती. पाण्यात टाकली.

"वाडलें," ते बोलले. मग परत, "वाडलें." मग नुसतेच बघत राहिले. बारातली नऊ सरळ होऊन तरंगत होती.

झारा त्यांनी माझ्या हातात दिला. "जालें, बाय. तू आता दुसरी खोली बघ." स्वतःचं काही बोलले नाहीत, आधी माझी खोली.

मी झारा बाजूला ठेवला. बोलली, "तुम्ही बाहेर बसा. भट्टी बघा. आणि ओरडू नका, पीठ ऐकतं."

सगळा गोळा मी वळला. जीव लावून वळला. एकेका काकणाचं तोंड असं मिटवलं की जोड कुठं आहे ते मला पण सापडेना. पाण्यात एकही सुटलं नाही. संध्याकाळी काठी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली. अशी सुंदर काठी त्या घरात कधी भरली नव्हती. मला वाटलं, जिंकली.

रविवारी गाडी आली. भाच्यानं काठी बघितली, एक काकण तोडून खाल्लं, बोलला, "वा मामा, अजून जोर आहे!" अंकल हात मांड्यांखाली दाबून बसलेले. मी चहा ओतला.

आंटी चष्मा लावून काठीपाशी गेल्या आणि एकेक काकण फिरवून बघायला लागल्या. सगळी बघितली. मग मागं परसात आल्या. मी पातेलं घासत होती.

"हीं कोणें केलीं?"

"अंकलनी," मी बोलली. पंचशीलात खोटं बोलायला पण मनाई आहे. मी बोलली. आज विचारलं तर आज पण बोलेन.

आंटी माझ्या हातांकडं बघत होत्या. मोकळे हात, नखांत अजून मैदा. मग मराठीत बोलल्या, तोडून तोडून. "माझा भाऊ पंधरा वर्षं हे करतो. त्याची सगळीच्या सगळी बंद झाली, असं एकदा पण झालं नाही."

माझ्या हातातली राख खाली पडली. एवढी वर्षं त्यांची तीन-चार वाढायची, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. आणि घाबरून एकही वाढू दिलं नाही. चांगलं करायला गेली आणि तिथंच पकडली.

आंटी माझ्याजवळ वाकल्या. आवाज एकदम खाली. "पुढच्या वर्षी तीन-चार फुटलेली ठेव. नाहीतर माझ्या मुलाला कळेल."

माझ्या तोंडातून निघालं ते एवढंच, "फुटलेली नाही, आंटी. वाढलेली."

"काय?"

"काही नाही. ठेवीन."

पण खरं सांगते, पुढच्या वर्षी मला मुद्दाम उघडं ठेवायला जमेना. हाताला मिटवायची सवय. सैल सोडायचं ठरवायची आणि बोट आपोआप दाबायचं. शेवटी पीठ अंकलपुढं सरकवलं. बोलली, "पहिली चार तुम्ही वळा." त्यांनी थरथरत्या हातानं वळली, मी पाण्यात टाकली, आणि दोघं पातेल्यावर वाकून बघत बसलो.

"वाडलें," अंकल बोलले. असे खूश झाले की काय सांगू.

रविवारी भाच्यानं काठीवरून नेमकं त्यातलंच एक वाकडं काकण काढलं. बोलला, "हे बघ, हे मामाच्या हातचं. ओळखू येतं." आंटी खिडकीतून पपईकडं बघत होत्या.

अशी आणखी चार वर्षं. पहिली चार त्यांची, बाकी माझी. अंकल गेले ते त्याच घरात, आपल्या खाटेवर, सकाळच्या वेळी. नळाला पाणी आलं आणि घंटा वाजली नाही, तेव्हा चाळीला कळलं. मग घर विकलं, चाळ पाडली. आम्हाला बदलापूरला खोली मिळाली. आंटीनी विचारलं, तुला काय पाहिजे. मी काठी मागितली.

कासाराकडं मी त्याच साली गेली. साध्या काचेच्या, एका हातात सहा, दुसऱ्या हातात सहा. सुशीला भेटायला आली होती, तिला राहवतंय थोडंच. "कुणाच्या नावाच्या गं भरल्यास?"

मी बोलली, "काठीच्या."

अजून करते मी काकणं. मुली येतात, नाती येतात. आमचा तो सण नाही, पण जयंतीच्या आधी कधीतरी करते, ताडी मिळाली तर. पीठ मळायला हातात बांगड्या चालत नाहीत, काचेत मैदा अडकतो. मग एकेक काढते, आणि काकणं होईपर्यंत काठीत घालून ठेवते.